गाठ जिभेवर, मग चिरा मानेवर का?

तोंडाच्या कॅन्सरचं निदान झालं की घरच्यांच्या मनात हा प्रश्न हमखास येतो. जखम जिभेच्या कडेला आहे, नखाएवढी आहे, मानेत हाताला काही लागत नाही, सोनोग्राफीतही मान स्वच्छ दिसते. मग डॉक्टर जिभेबरोबर मानेचंही ऑपरेशन का सांगतात? ‘आधी जिभेचं करून घेऊ, मानेचं लागलंच तर पुढे बघू’ असं म्हणून काही जण निम्मंच ऑपरेशन मागतात. काही जण डॉक्टर बदलतात. काही जण मानेला मोठा चिरा येणार या धास्तीने घरी बसतात आणि महिने वाया घालवतात.

या प्रश्नाचं उत्तर मुंबईतच मिळालं आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले तेव्हाचे शल्यचिकित्सक डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांचे सहकारी यांचा अभ्यास २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तोंडाच्या कॅन्सरच्या सुरुवातीच्या टप्प्यात मानेचं काय करायचं, हा अनेक दशकांचा वाद त्याने बऱ्याच अंशी मिटवला. या लेखात त्या अभ्यासाचा अर्थ समजून घेऊ आणि त्याच धाग्याने निदानापासून ऑपरेशननंतरच्या काळापर्यंत रुग्णाने व घरच्यांनी काय करायचं तेही पाहू. सांगायचं मुख्य ते आधीच सांगते: तोंडाच्या कॅन्सरमध्ये पहिलं ऑपरेशन हीच बरं होण्याची सर्वांत मोठी संधी असते. ते वेळेवर, पूर्ण आणि तयारीनिशी व्हायला हवं.

जखम कधी दाखवायची?

भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सर्वाधिक आढळणाऱ्या कॅन्सरांपैकी एक आहे. दरवर्षी सव्वा लाखाहून अधिक नवे रुग्ण सापडतात. कारण आपल्या खिशात आणि फडताळात आहे: तंबाखू-चुना, गुटखा, मावा, विदर्भातला खर्रा, बायका दातांना लावतात ती मिश्री. महाराष्ट्रात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे, पण तंबाखू आणि सुपारी वेगवेगळ्या पुड्यांतून आजही मिळते. ‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो’ म्हणणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं की जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने सुपारीलाही कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे.

पुढचं काहीही दिसलं तर दातांच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा:

- दोन ते तीन आठवड्यांत न भरणारी जखम, मग ती दुखत असो वा नसो. सुरुवातीचा कॅन्सर बहुधा दुखत नाही, म्हणूनच तो अंगावर काढला जातो.
- गालाच्या आत, जिभेच्या कडेला किंवा हिरडीवर पांढरा अथवा लाल चट्टा.
- तोंड उघडणं कमी होणं. आपली तीन बोटं एकावर एक धरून उभी तोंडात जात नसतील तर तपासणी हवीच.
- तिखट अजिबात सहन न होणं, दात विनाकारण हलू लागणं, जीभ जड होणं.
- मानेत गाठ लागणं किंवा एकाच बाजूचा कान सतत दुखणं.

टोकदार दाढ लागून जखम झाली आहे असं वाटत असेल तर दाढ घासून किंवा काढून घ्या आणि दोन आठवडे वाट पाहा. तेवढ्यात जखम भरली नाही, तर दोष दाढेवर ढकलत बसू नका. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि तोंडाला लावायची मलमं यांत महिने घालवलेले रुग्ण कॅन्सरच्या ओपीडीत नेहमी भेटतात.

तुकडा काढायला घाबरू नका

‘सुई-सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ ही समजूत गावात आणि शहरात सारखीच पक्की आहे. तोंडातल्या जखमेचा तुकडा काढल्याने, म्हणजे बायोप्सीने, कॅन्सर पसरत नाही. तुकडा तपासल्याशिवाय मात्र कुठलाही जाणता डॉक्टर ऑपरेशन करणार नाही. कॅन्सर पसरतो तो निदान आणि उपचार यांच्यामधल्या उशिरामुळे. जडीबुटी, लेप, ‘मुळापासून काढणारं’ औषध यांत गेलेले दोन महिने पुढे परत मिळत नाहीत.

बायोप्सीचा कागद मिळाला की एक जाड फाइल करा. तिच्यात तारखेप्रमाणे कागद लावा. बायोप्सीची काच, म्हणजे स्लाइड, आणि मेणाचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, प्रयोगशाळेकडून मागून घ्या. मोठ्या रुग्णालयात तेच पुन्हा तपासायला मागतात. जवळ असलं तर दुसऱ्यांदा तुकडा काढावा लागत नाही. यानंतर आजार किती खोल आणि हाडापर्यंत गेला आहे का, हे पाहायला सीटी स्कॅन किंवा एमआरआय करतात. जिभेसाठी बहुधा एमआरआय, तर गाल आणि जबड्यासाठी बहुधा सीटी. गाठ लहान असेल तर प्रत्येकाला महागडा पेट स्कॅन लागतोच असं नाही. तो सांगितला, तर ‘यातून उपचारात काय बदलणार?’ हे आदराने पण स्पष्ट विचारा.

मानेचा प्रश्न आणि टाटामधला अभ्यास

मानेत दोन्ही बाजूंना लसिका ग्रंथी असतात, ज्यांना आपण ‘मानेतल्या गाठी’ म्हणतो. तोंडातून वाहणारा लसिका द्रव या ग्रंथींमधून गाळून पुढे जातो. जिभेवरच्या किंवा गालातल्या कॅन्सरच्या पेशी निसटल्या की त्या आधी इथेच अडकतात. अडकलेल्या पेशी मूठभर असतील तर हाताला लागत नाहीत आणि स्कॅनमध्येही दिसत नाहीत. म्हणजे ‘मान स्वच्छ आहे’ याचा खरा अर्थ ‘दिसण्यापुरती स्वच्छ आहे’ एवढाच.

डॉक्टरांपुढे त्यामुळे दोन मार्ग होते. एक, तोंडातल्या गाठीबरोबरच मानेतल्या ग्रंथीही काढायच्या. दोन, फक्त तोंडातली गाठ काढायची, रुग्णाला नियमित तपासायचं आणि मानेत गाठ आलीच तर तेव्हा मानेचं ऑपरेशन करायचं. दुसऱ्या मार्गामागे क्रूरपणा किंवा आळस नव्हता. अनेक रुग्णांच्या ग्रंथींत आजार नसतोच, मग त्यांना नाहक चिरा, खांद्याचं दुखणं आणि वाढीव खर्च का द्यायचा, हा रास्त विचार होता. टाटामध्येच १९८९ साली ७० रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, जगात इतरत्रही छोटे अभ्यास झाले होते. पण संख्या इतकी कमी की ठाम काही सांगता येत नव्हतं.

२००४ साली डॉ. डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर हाती घेतला. तोंडात एका बाजूला असलेली, सुरुवातीच्या टप्प्यातली म्हणजे टी-१ किंवा टी-२ गाठ आणि मानेत काही न लागणं, अशा रुग्णांना सगळं समजावून, त्यांची संमती घेऊन, जणू चिठ्ठी टाकून दोन गटांत वाटलं गेलं. एका गटाच्या तोंडाचं आणि मानेचं ऑपरेशन एकदमच झालं. दुसऱ्या गटाचं फक्त तोंडाचं झालं आणि मानेवर लक्ष ठेवलं गेलं. २०१४पर्यंत ५९६ रुग्ण सहभागी झाले. पहिल्या ५०० रुग्णांचे आकडे तपासताना दोन गटांतला फरक इतका स्पष्ट दिसला की देखरेख समितीच्या सांगण्यावरून नवे रुग्ण घेणं थांबवण्यात आलं.

तीन वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण मानेचं ऑपरेशन लगेच झालेल्या गटात ८० टक्के होतं, तर वाट पाहणाऱ्या गटात ६७.५ टक्के. आजार न उलटता जगण्याचं प्रमाण पहिल्या गटात ६९.५ टक्के, दुसऱ्यात ४५.९ टक्के. साध्या हिशेबात सांगायचं तर आठ रुग्णांच्या मानेचं ऑपरेशन पहिल्याच वेळी केलं की एका रुग्णाचा मृत्यू टळतो आणि चार रुग्णांमागे एकाचा आजार उलटणं किंवा मृत्यू टळतो. ऑपरेशनमुळे होणारे त्रास पहिल्या गटात ६.६ टक्के रुग्णांना झाले, दुसऱ्यात ३.६ टक्क्यांना. म्हणजे थोडा जास्त त्रास, पण त्या बदल्यात जगण्याची खूप जास्त शक्यता.

वाट पाहण्यात तोटा का झाला, तेही या अभ्यासातून कळलं. ज्यांची मान ‘स्वच्छ’ होती त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के रुग्णांच्या काढलेल्या ग्रंथींत सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सर सापडला. वाट पाहणाऱ्या गटात मानेतली गाठ जेव्हा हाताला लागली, तेव्हा आजार बऱ्याचदा पुढे गेलेला होता आणि ग्रंथीचं कवच फोडून बाहेर आलेला होता. तपासणीला नियमित येणाऱ्या, मोठ्या रुग्णालयाच्या नजरेखाली असलेल्या रुग्णांचं हे झालं. गडचिरोलीहून किंवा नंदुरबारहून येणारा रुग्ण दर महिन्याला तपासणीला येऊ शकेल का, याचा विचार केला तर ‘पुढे बघू’ हा पर्याय आपल्यासाठी किती धोक्याचा आहे हे कळतं.

आज जगभरचे डॉक्टर या निष्कर्षाचा आधार घेतात. तो मिळाला तो आपल्याकडच्या साध्या रुग्णांमुळे. कोणता मार्ग चांगला हे कुणालाच ठाऊक नसताना त्यांनी अभ्यासाला होकार दिला आणि पुढच्यांचा रस्ता सोपा केला. तुमच्या डॉक्टरांनी एखाद्या अभ्यासात सहभागी व्हाल का असं विचारलं, तर ‘आमच्यावर प्रयोग करतायत’ असं लगेच मनात आणू नका. संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, शंका विचारा आणि मग ठरवा. नकार दिला तरी नेहमीचे उपचार मिळण्याचा तुमचा हक्क कायम असतो.

हा निष्कर्ष कुणाला लागू?

अभ्यासातल्या बहुतांश रुग्णांना जिभेचा कॅन्सर होता, काहींना गालाचा. गाठ अगदी उथळ, म्हणजे तीन मिलिमीटरपेक्षा कमी खोल असेल तर मानेच्या ऑपरेशनचा फायदा या अभ्यासात स्पष्ट दिसला नाही. म्हणून गाठीची खोली हा आकडा महत्त्वाचा आहे. २०१८पासून आजाराचा टप्पा ठरवताना गाठीच्या रुंदीबरोबर तिची खोलीही धरतात. अगदी उथळ गाठ, टाळूची किंवा ओठाची गाठ, खूप वय, हृदयाचा गंभीर आजार अशा वेळी डॉक्टर वेगळा निर्णय घेऊ शकतात. मानेत आधीच गाठ लागत असेल तर प्रश्नच उरत नाही. तिथे मानेचं ऑपरेशन करावंच लागतं.

काही केंद्रांत ‘सेंटिनल नोड’ ही पद्धतही वापरतात. तोंडातल्या गाठीतून द्रव सर्वांत आधी ज्या ग्रंथींकडे जातो, तेवढ्याच शोधून तपासायच्या आणि त्यांत आजार असेल तरच बाकीच्या काढायच्या. फ्रान्स आणि जपानमधल्या अभ्यासांत तिचे निकाल चांगले आले आहेत. पण तिला खास उपकरणं, सराव झालेला शल्यचिकित्सक आणि बारकाईने तपासणारी प्रयोगशाळा लागते. ही सोय नसेल तिथे तिचा हट्ट धरू नये.

आणि मानेच्या ऑपरेशनची भीती वाटत असेल तर हे ऐका. शंभर वर्षांपूर्वीच्या पद्धतीत ग्रंथींबरोबर मानेचा मोठा स्नायू, मोठी शीर आणि खांद्याची नसही काढत असत. आज सुरुवातीच्या टप्प्यात ठरावीक भागातल्या ग्रंथीच काढतात आणि हे तिन्ही जपतात. चिरा मानेच्या नैसर्गिक वळीतून घेतात. वर्षभरात तो बराच पुसट होतो.

ऑपरेशनपूर्वीचे दिवस

तारीख मिळाल्यापासून ऑपरेशनपर्यंतचे दिवस नुसते काळजीत घालवू नका. त्या दिवसांत करण्यासारखं खूप आहे.

*तंबाखू आजच बंद.* ‘आता झालाच आहे कॅन्सर, मग सोडून काय उपयोग?’ असं म्हणणाऱ्या रुग्णाला प्रेमाने पण ठामपणे सांगा: तंबाखू आणि विडी सोडल्याने जखम नीट भरते, छातीत कफ साठून न्यूमोनिया होण्याचा धोका कमी होतो आणि तोंडात दुसरा कॅन्सर होण्याची शक्यताही घटते. केंद्र सरकारची मोफत मदतवाहिनी १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे. तंबाखू सुटावी म्हणून ऑपरेशन पुढे ढकलू नका. दोन्ही एकदम चालू द्या.

*पोषण.* दुखण्यामुळे जेवण कमी होतं आणि वजन उतरतं. उतरलेल्या वजनाने ऑपरेशनला जाणं धोक्याचं आहे. गिळता येत असेल तोवर मऊ भात-वरण-तूप, अंडी, दूध, दही, नाचणीची पेज, मिक्सरमधून काढलेली भाजी, केळं असं थोडं थोडं पण सहा-सात वेळा द्या. ‘कॅन्सरच्या गाठीला दूध-साखर पोसते’ म्हणून रुग्णाची उपासमार करू नका. गिळताच येत नसेल तर डॉक्टरांना सांगा; ऑपरेशनआधीच नाकातून नळी घालता येते.

*लपवू नका.* मधुमेह, रक्तदाब, दमा, दारू, पूर्वीची ऑपरेशनं आणि सगळी औषधं भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या कधी थांबवायच्या हे डॉक्टरच ठरवतील. रोज दारू घेणाऱ्याने ती अचानक तोडली तर ऑपरेशननंतर भ्रम आणि झटके येऊ शकतात, म्हणून लाज न बाळगता सांगणं गरजेचं आहे.

*दात.* पुढे रेडिएशन लागण्याची शक्यता असते. किडलेले दात आधीच काढून घेणं श्रेयस्कर, कारण रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याच्या हाडाची जखम न भरण्याचा धोका असतो.

*छातीचे व्यायाम.* तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र आधीच आणून सराव करा. ऑपरेशननंतर ते नव्याने शिकणं कठीण जातं.

*फ्लॅपची माहिती.* मोठा भाग काढावा लागला तर तिथे हाताची, मांडीची किंवा छातीची त्वचा-मांस लावतात, जबड्यासाठी पायातलं बारीक हाडही वापरतात. हाताची त्वचा घ्यायची ठरली असेल तर कोणत्या हाताची ते विचारून ठेवा आणि त्या हाताला रक्त काढायला किंवा सलाइनला सुई टोचू देऊ नका.

*बोलण्याची तयारी.* ऑपरेशननंतर काही दिवस बोलता येणार नाही. पाटी किंवा वही-पेन बरोबर ठेवा. लिहिता न येणाऱ्या रुग्णासाठी ‘पाणी’, ‘दुखतंय’, ‘लघवी’, ‘कफ काढा’ यांच्या खुणा आधीच ठरवून घ्या.

रुग्णालयातले दिवस

ऑपरेशननंतर रुग्णाला पहिल्यांदा पाहणं घरच्यांना जड जातं. चेहरा सुजलेला असतो, नाकात जेवणाची नळी असते, मानेतून बाहेर आलेल्या नळीला ड्रेनची बाटली जोडलेली असते, कधी श्वासासाठी गळ्याला छोटं भोक पाडलेलं असतं. हे सगळं नियोजित असतं. गळ्याचं भोक बहुतेक रुग्णांचं काही दिवसांत बंद होतं. रुग्णासमोर रडू नका आणि त्याने मागितल्याशिवाय आरसा पुढे करू नका.

सोबत राहणाऱ्याने एवढं करावं. डोक्याची बाजू उंच ठेवावी. परवानगी मिळताच रुग्णाला उठवून बसवावं, चालवावं. त्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होत नाहीत आणि छाती मोकळी राहते. ड्रेनमध्ये किती पाणी आलं ते नर्सकडून रोज लिहून घ्यावं. चोवीस तासांतलं पाणी साधारण २०-३० मिलिलिटरच्या खाली आलं की नळी काढतात. पाणी एकदम लालभडक झालं, मान झपाट्याने फुगली, किंवा पाणी दुधासारखं पांढरं दिसू लागलं तर लगेच नर्सला सांगावं. लावलेल्या त्वचेचा रंग निळसर किंवा फिकट पडला तरी तसंच. मानेवर घट्ट कापड, गंडा, माळ काहीही बांधू नये.

घरी आल्यावर

नळीतून जेवण देताना रुग्णाला बसवा आणि नंतर किमान अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. पदार्थ मिक्सरमधून काढून गाळून घ्या: डाळ-तांदळाची पातळ खिचडी, नाचणी, दूध, उकडलेलं अंडं, भाज्यांचं सार, वरून चमचाभर तेल. एका वेळी साधारण पेलाभर, दोन-अडीच तासांनी. किती आणि काय, ते आहारतज्ज्ञाकडून लिहून घ्या. प्रत्येक वेळी शेवटी साधं पाणी सोडून नळी धुवा. नळी निसटली तर स्वतः आत ढकलू नका. तोंडाने पाणी पिण्याची घाई करू नका. ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकतं.

खांद्याचा व्यायाम ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. खांद्याची नस जपली तरी ती काही काळ मंदावते. हात वर जात नाही, खांदा उतरतो, वेणी घालणं किंवा फडताळातला डबा काढणं अवघड होतं. फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम रोज केले नाहीत तर खांदा आखडतो आणि मग दुखणं कायमचं होतं. तोंड उघडण्याचा व्यायामही तसाच. डॉक्टरांच्या परवानगीने, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची. गिळणं आणि बोलणं शिकवणारे थेरपिस्ट मोठ्या रुग्णालयांत असतात. त्यांच्याकडे जायला संकोच करू नका.

कानाची पाळी आणि मानेचा काही भाग बधिर राहतो, ओठाची एक कड थोडी खाली येऊ शकते. यातलं बरंच महिन्यांत सुधारतं. बधिर भागावर शेक घेऊ नका, दाढी वस्तऱ्याने करू नका. ताप, चिऱ्यातून पू किंवा लाळ येणं, श्वास लागणं, रक्त येणं, पायाची एक पोटरी सुजून दुखणं ही लक्षणं दिसली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा.

शेवटचा रिपोर्ट आणि पुढचे उपचार

काढलेल्या भागाचा सविस्तर रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. त्यातल्या चार गोष्टी डॉक्टरांकडून समजून घ्या: गाठीच्या कडा आजारमुक्त आहेत का, गाठ किती मिलिमीटर खोल होती, मानेतल्या किती ग्रंथी तपासल्या आणि त्यांपैकी कितींत आजार होता, आणि आजार ग्रंथीच्या कवचाबाहेर गेला होता का. मानेचं ऑपरेशन केल्याचा दुसरा फायदा इथे दिसतो. पुढे रेडिएशन लागणार की नाही हे अंदाजाने ठरवावं लागत नाही, समोरच्या पुराव्यावर ठरतं.

रेडिएशन लागलं तर ते साधारण सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतं. कडांवर आजार उरला असेल किंवा कवच फुटलं असेल तर त्यासोबत केमोथेरपीही देतात. ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हायला हवं. ‘जरा बरं वाटू दे, पेरणी उरकू दे, मुलीचं लग्न होऊ दे’ म्हणून ही मुदत चुकवली तर ऑपरेशनचा फायदाही कमी होतो. म्हणून रेडिएशनच्या विभागात नाव रिपोर्ट हाती येताच नोंदवा.

खर्च आणि प्रवास

महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची अनेक ऑपरेशनं, केमोथेरपी आणि रेडिएशन येतात. रुग्णालयातल्या ‘आरोग्यमित्रा’ला भेटा किंवा १५५३८८ वर फोन करा. पैसे भरण्यापूर्वी चौकशी करा, कारण आधी भरलेले पैसे परत मिळवणं अवघड असतं. कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एकाला रेल्वेत भाडेसवलत मिळते, रुग्णाला एसटीतही. त्यासाठी लागणारा दाखला रुग्णालयातून घ्या. प्रत्येकाने मुंबईच गाठायला हवी असं नाही. नागपूर, बार्शी, छत्रपती संभाजीनगर इथेही कॅन्सरची रुग्णालयं आहेत. मुंबईत राहण्याची सोय हवी असेल तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात आधी विचारा. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा बाहेरगावच्या कुटुंबांचा मोठा आधार आहेत.

ऑपरेशनआधी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

हे वहीत उतरवून न्या. चांगले डॉक्टर प्रश्नांनी रागावत नाहीत.

1. आजार कोणत्या टप्प्यात आहे आणि गाठ अंदाजे किती खोल आहे?
2. मानेचं ऑपरेशन याच वेळी करणार का? करणार नसाल तर कोणत्या कारणाने?
3. मानेतल्या कोणत्या भागातल्या ग्रंथी काढणार? खांद्याची नस जपता येईल का?
4. जबड्याचं हाड कापावं लागेल का? फ्लॅप कुठून घेणार?
5. असे रुग्ण तुमच्याकडे नेहमी येतात का? उपचार ठरवताना रेडिएशन आणि केमोथेरपीचे डॉक्टरही एकत्र बसतात का?
6. नळी, बोलणं, गिळणं, कामावर परतणं यांना अंदाजे किती काळ लागेल?
7. फिजिओथेरपी आणि बोलण्या-गिळण्याची थेरपी इथे मिळेल का?

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण आठवडाभरात घ्या. पाच ठिकाणी फिरत बसलात तर त्या काळात आजार थांबून राहत नाही.

पुढची पाच वर्षं, आणि घरातले बाकीचे

आजार उलटलाच तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. म्हणून पहिल्या वर्षी डॉक्टर दर एक-दोन महिन्यांनी बोलावतात, मग अंतर वाढवत नेतात आणि पाच वर्षांपर्यंत लक्ष ठेवतात. या तपासणीत डॉक्टरांचे डोळे आणि बोटं हीच मुख्य साधनं असतात. प्रत्येक वेळी स्कॅन केला नाही म्हणून तपासणी अपुरी झाली असं समजू नका. दोन तारखांच्या मध्ये नवी जखम, मानेत गाठ किंवा न थांबणारं दुखणं जाणवलं तर लगेच जा.

शेवटचं सांगणं रुग्णासोबत येणाऱ्यांसाठी आहे. ज्या घरात एकाला तोंडाचा कॅन्सर होतो, तिथे भाऊ, मुलगा, मित्र यांच्या खिशात बहुधा तीच पुडी असते, आणि आई किंवा काकू तीच मिश्री लावत असतात. रुग्णाला घेऊन याल त्याच दिवशी स्वतःचं तोंडही दाखवून घ्या. तपासणीला पाच मिनिटं लागतात. एखादा पांढरा चट्टा त्या वेळी सापडला आणि तंबाखू त्या दिवशी सुटली, तर तुमच्यावर मानेच्या ऑपरेशनचा निर्णय घेण्याची वेळच न येण्याची शक्यता खूप वाढते.